दिवाणखान्यांतील जुना पलंग

जुने वाडे पाडून त्या जागीं सदनिका उठविण्याचें काम पुणें, सातारा, सांगली, वाई या गांवीं आज कित्येक वर्षें अव्याहत चाललें आहे. वाडा रिकामा होऊं लागला म्हणजे तांब्यापितळेचीं भांडीं लेकीसुना वांटून घेतात, देव थोरल्याकडे जातात, पोथ्या एकाद्या संस्थेच्या स्वाधीन होतात. आणि शेवटीं उरतो तो माडीवरचा नाहीं तर ओसरीवरचा एक भला थोरला सागवानी किंवा शिसवी पलंग. तो नव्या जिन्यांतून वर कसा चढवावा हें कोणास सुचत नाहीं, नव्या खोलींत तो मावेल असें कोणास वाटत नाहीं, आणि ज्यांनीं तो हौसेनें करविला त्यांचें नांवही पुष्कळदां कोणास आठवत नाहीं. मग जुन्या सामानाचा व्यापारी सांगेल त्या किमतीस तो निघून जातो, व त्याच महिन्यांत लांकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांचा एक सोफा कितीतरी अधिक पैसे मोजून घरांत येतो. हा व्यवहार आमच्या डोळ्यांदेखत इतक्या वेळां झाला आहे कीं त्याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

प्रथम एक समजूत बाजूस सारली पाहिजे. पलंग ही केवळ रात्रीं निजावयाची वस्तु, तिचें स्थान आंतल्या खोलींत, आणि बाहेरच्या खोलींत खुर्च्या अथवा सोफा, ही वांटणी आपल्या घरांत फार जुनी नाहीं. ओसरीवरचा माचा, सोप्यांतली बंगई, माडीवरचा पलंग यांवर सकाळीं पंचांग पाहिलें जाई, दुपारीं वामकुक्षी होई, तिसऱ्या प्रहरीं हिशेबाच्या वह्या उघडल्या जात, संध्याकाळीं आलागेला टेके आणि रात्रीं परगांवचा पाहुणा तेथेंच निजे. आसन तेंच व शय्याही तीच. इंग्रजींत अशा वस्तूस डे-बेड, म्हणजे दिवसाची शय्या, असें निराळें नांव आहे. आपल्याकडे निराळ्या नांवाची गरज कोणास भासली नाहीं. पलंगाचा तो धर्मच मानला जात असे.

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, तेव्हां शब्दांच्या वाटेनें गेल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी. खट्वा, मंच, पर्यंक व आसंदी हे या कुळांतले जुने शब्द. खट्वेची खाट झाली, मंचाचा माचा झाला, पर्यंकाचा पल्यंक व पल्यंकाचा पलंग झाला. आपली पालखी ही या पलंगाचीच बहीण. पोर्तुगीज लोकांनीं तिला आपल्या भाषेंत नेलें व तेथून ती इंग्रजींत गेली. इंग्रजांचा कॉट हा तर आपल्या खाटेचाच अवतार आहे.

यांतील खट्वा शब्दावर पाणिनीनें एक स्वतंत्र सूत्र खर्चीं घातलें आहे. खट्वारूढ, म्हणजे खाटेवर चढलेला, हा समास निंदेच्या अर्थीं होतो, असें तो सांगतो. त्यावर पतंजलीचें म्हणणें असें कीं अध्ययन पुरें करून, समावर्तनाचें स्नान करून, गुरूची आज्ञा घेऊन मग खाटेवर बसावें. जो त्याआधींच चढून बसतो तो खट्वारूढ. शाळेंत असतां हा शब्द आम्हांस फार उपयोगीं पडला. परंतु त्यावरून हेंही ध्यानांत येतें कीं खाटेवर बसणें हा त्या काळीं गृहस्थाश्रमाचा एक मान होता. केवळ झोंपेची सोय नव्हती.

त्याहूनही मनोहर वर्णन अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडांत आहे. व्रात्य वर्षभर उभा राहिला, तेव्हां देवांनीं त्याच्यासाठीं आसंदी आणली. वसंत व ग्रीष्म हे तिचे दोन पाय, वर्षा व शरद् हे दुसरे दोन. बृहत् व रथंतर हीं सामें तिच्या उभ्या पट्ट्या. ऋचा हे विणीचे उभे धागे व यजुर्मंत्र हे आडवे. वेद हें वरचें आंथरूण, ब्रह्म ही उशी, आणि पाठ टेकावयास उद्गीथ. अलंकार क्षणभर दूर ठेवला तर येथें चार पाय, चौकट, दोरीची वीण, गादी, उशी व पाठीचा टेका अशी परिपूर्ण दिवसाची शय्या आपल्यापुढें उभी राहते. विणणारा कसा उभे-आडवे धागे घेतो हें ऋषीनें जवळ बसून पाहिलें असलें पाहिजे.

परदेशांतही हीच गोष्ट निराळ्या वेषानें दिसते. ग्रीक लोक डाव्या कोपरावर रेलून जेवीत. त्यांच्या त्या शय्येचें नांव क्लीने. रोगी शय्येवर पडलेला असतां त्याच्यापाशीं जाणारा वैद्य तो क्लिनिकोस, व त्यावरूनच आजचें क्लिनिक. फारशींतल्या दिवाण शब्दाची कथा याहून लांब आहे. मूळ अर्थ हिशेबाची वही. पुढें ती वही ठेवणारी कचेरी, मग तेथला अधिकारी. आणि त्या कचेरींत भिंतीलगत ज्या गाद्या व लोड मांडलेले असत त्या बैठकीसही तेंच नांव पडलें. आपले दिवाणजी, दिवाणी दावा, दिवाणखाना, घरांतला दिवाण आणि फ्रान्सच्या जकातीचें नांव दुआन हीं सारीं एकाच घराण्यांतलीं. फ्रान्समध्यें सतराव्या शतकापासून विश्रांतीच्या शय्येची फार आवड. दाविद या चित्रकारानें सन १८०० मध्यें मादाम रेकाम्ये या विदुषीचें अशा शय्येवर रेललेलें चित्र काढावयास घेतलें. तें अपुरेंच राहिलें व आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. परंतु त्या घाटाच्या शय्येस त्या बाईंचें नांव कायमचें चिकटलें.

आमचें मन मात्र सर्वांत अधिक रमलें तें चिनी शय्येंत. मिंग राजांच्या अमदानींत, म्हणजे सन १३६८ ते १६४४ या काळांत, चीनच्या सुतारांनीं जी लांकडी घडण केली तिची सर आजही फार थोड्या कामास येते. खिळा न मारतां, खाचेंत कुसूं बसवून सारा सांगाडा उभा करावयाचा. त्यांच्या तीन बाजूंस बुटके कठडे असलेल्या शय्येस लुओहान शय्या म्हणतात. आणि लुओहान म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला अर्हत्! बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेला संस्कृत शब्द तेथें घरगुती पलंगाच्या नांवांत जाऊन बसला. दिवसां या शय्येच्या मधोमध एक बुटकें मेज ठेवीत. एका बाजूस यजमान, दुसऱ्या बाजूस पाहुणा, मध्यें चहा नाहीं तर बुद्धिबळासारखा पट. पाहुणा गेला कीं मेज उचलावें आणि तेथेंच आडवें व्हावें. विद्वान् मनुष्याच्या अभ्यासिकेंत ही शय्या असावयाचीच.

अलीकडच्या काळांतील दोन उदाहरणें सांगून हा फेरफटका पुरा करूं. मनोविकारांचे प्रसिद्ध चिकित्सक फ्रॉइड यांचे रोगी ज्या शय्येवर पडून आपलें मन उघडें करीत, ती त्यांस एका कृतज्ञ रोगी बाईनें सन १८९० च्या सुमारास दिली होती. सन १९३८ मध्यें व्हिएन्ना सोडतांना त्यांनीं ती बरोबर नेली. लंडनच्या त्यांच्या राहत्या घराचें आज संग्रहालय झालें आहे, तेथें ती इराणी गालिचा पांघरून उभी आहे. दुसरें उदाहरण मीस व्हान डेर रोह या जर्मन वास्तुशिल्पज्ञाच्या सन १९३० मधील शय्येचें. आधुनिकांत तिची फार वाखाणणी होते. पाहूं गेल्यास एक सपाट चौकट, तीवर चामड्याची गादी, आणि उशाशीं पट्ट्यांनीं बांधलेला एक गोल लोड! आपल्या बैठकीवरचा लोड जर्मनींत जाऊन चामड्याचा अंगरखा घालून आला, एवढेंच.

या सर्व ठिकाणीं एक गोष्ट सारखी आहे. ही शय्या चारचौघांत मांडलेली असते. तिजवर पडलेला मनुष्य घराच्या व्यवहाराबाहेर जात नाहीं. तो रेलतो, ऐकतो, बोलतो, वाटलें तर डोळे मिटतो. त्याला कोणी उठून आंत जा म्हणत नाहीं. आमच्या मतें जुना पलंग राखून ठेवण्याचें खरें कारण तें आहे. लांकडाची किंमत व कोरीवकाम हीं कारणें त्याच्या मागाहून येतात.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब साताऱ्याकडील वाडा सोडून पुण्यांत दोन खोल्यांच्या सदनिकेंत राहावयास आलें. घरांतील आजीबाईंचें मांडीचें हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली. वय ऐंशींच्या पुढें. आंतल्या खोलींत लोखंडी खाट घालून त्यांस तेथें ठेवावें व वाड्यांतला पलंग विकून टाकावा असा मुलांचा बेत होता. थोरल्या सूनबाईंनीं तो मोडला. त्यांनीं सुतार बोलावून पलंगाचे चारी खूर सोडविले, चौकट उभी करून जिन्यांतून वर आणविली, आणि बाहेरच्या खोलींत खिडकीखालीं भिंतीशीं लांबीच्या बाजूनें पलंग मांडला. आतां आजीबाई सकाळीं तक्क्यास टेकून मटार सोलतात, दुपारीं नातवाकडून संध्या घोकून घेतात, दूधवाल्याशीं हुज्जत घालतात. पाहुणे आले तर पायथ्याशीं दोघे बसतात. आम्ही समाचारास गेलों तेव्हां त्या सूनबाईंस म्हणाल्या, “अग, आंत निजविलें असतेंस तर मी दुखणाईत झालें असतें. इथें आहें तर घरचीच आहें.”

यांत अडचण नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. घरांत म्हातारें माणूस बाहेरच्या खोलींत असलें म्हणजे दूरदर्शनचा आवाज कमी ठेवावा लागतो, मुलांच्या मित्रांस जपून वागावें लागतें, आणि शुश्रूषेच्या वेळीं आडोसा लागतो. त्या घरीं छतास सळई लावून जाड पडदा सोडला आहे; काम झालें कीं तो बाजूस सरतो. सर्व भार सूनबाईंवर पडतो हेंही खरें, व तो वांटून घेणें हें पुत्रांचें काम आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. जुना पलंग दिवसां बसावयास गैरसोयीचा होतो अशी तक्रार असते. त्याचें कारण साधें आहे. बसण्यास सुमारें वीस-बावीस इंचांची खोली पुरे. पलंगाची रुंदी तीन फूट किंवा अधिक. मागें टेकावें तर पाय लोंबकळतात, पाय टेकावे तर पाठ अधांतरीं राहते. म्हणून भिंतीच्या बाजूस जाड लोड व त्यांपुढें तक्क्ये ठेवून ती जादा रुंदी भरून काढावी. रात्रीं तेच काढून ठेवले कीं शय्या मोकळी. लोड कापसाचे व घट्ट भरलेले असावे. फुसक्या स्पंजाचे लोड म्हणजे टेकणाऱ्याची फसवणूक. जुन्या पलंगाचीं मापें आजच्या तयार गाद्यांशीं क्वचितच जमतात. त्यासाठीं पलंग कापूं नये. पिंजाऱ्याकडून मापाची गादी भरून घ्यावी. फार जाड गादी घातली तर बैठक उंच होऊन कठडा निरुपयोगी होतो. तीन-चार इंच पुष्कळ. नवार असेल तर ती वर्षांतून एकदां ताणून घ्यावी, नाहीं तर मध्यें झोळी पडून कंबर धरते. वेताच्या विणीवर गुडघे टेकूं नयेत, मुलांस उभें राहूं देऊं नये. तुटलेला वेत पुन्हां विणून मिळतो. कित्येक अंधशाळांतून हें काम पूर्वीपासून शिकविण्यांत येत आलें आहे व तें सुबक असतें.

ज्यांच्या घरीं वडिलार्जित पलंग नाहीं व ज्यांस तो विकत घ्यावयाचा आहे, त्यांनीं मुंबईच्या चोरबाजारांत किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडील दुकानांत जाण्यापूर्वीं थोडें ज्ञान गांठीं बांधावें. शंभर वर्षांवरील वस्तु ती अँटिक, त्याहून अलीकडची पण गेल्या पिढीची ती व्हिंटेज, असा व्यापारांतला सर्वसाधारण संकेत आहे. दुकानदार मात्र दोन्ही शब्द एकाच वस्तूस एकाच श्वासांत लावतो. पलंग उलटा करून पाहावा. हातरंध्याचें काम असेल तर खालच्या अंगास बोटांस किंचित् लाटा लागतात. लांकडावर अर्धवर्तुळाकार ओरखडे दिसले तर तें यंत्राच्या गोल करवतीचें काम. स्क्रूच्या माथ्यावर अधिकाच्या चिन्हासारखी फुली असेल तर तो स्क्रू सन १९३० नंतरच्या काळांतला. असे स्क्रू सर्वत्र दिसले तर शतकापूर्वीच्या गोष्टी ऐकत बसूं नये. चारी खूर एकाच कातकामाचे आहेत ना, हेंही पाहावें. एका पलंगाचे खूर दुसऱ्याच्या चौकटीस लावण्याची विद्या त्या बाजारांत चांगली अवगत आहे. हातानें विणलेल्या वेताची प्रत्येक कांब स्वतंत्र भोंकांतून ओवलेली असते; यंत्राची तयार जाळी खोबणींत दाबून बसविलेली असते.

लांकडाविषयीं वराहमिहिराइतका दक्ष ग्राहक आम्हीं दुसरा पाहिला नाहीं. सहाव्या शतकांतल्या त्याच्या बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांवर एक अख्खा अध्याय आहे. साग व शिंशपा हीं त्याच्या प्रशस्त लांकडांत येतात. विजेनें, वादळानें किंवा हत्तीनें पाडलेलें झाड, मधाचें पोळें किंवा पक्ष्यांचीं घरटीं असलेलें, स्मशानांतलें, वेलींनीं वेढलेलें झाड तो वर्ज्य सांगतो. लांकडांतील छिद्रांचीं त्यानें निष्कुट, कोलाक्ष, सूकरनयन, वत्सनाभ, कालक व धुंधुक अशीं सहा नांवें दिलीं आहेत. आंत घड्यासारखें रुंद व तोंडाशीं अरुंद तें निष्कुट. त्यांचीं फळें कोणीं मानावीं कोणीं न मानावीं, परंतु छिद्राचा पाय भार सोसत नाहीं हें सुतारही सांगेल. मापांतही त्यानें भेद केला आहे. राजाची शय्या शंभर अंगुळें, राजपुत्राची नव्वद, मंत्र्याची चौऱ्यायशीं, सेनापतीची अठ्ठ्याहत्तर, व पुरोहिताची बहात्तर. अंगुळ सुमारें पाऊण इंचाचें धरिलें तर राजास सव्वासहा फूट मिळतात, आणि पुरोहितास अवघे साडेचार! बिचाऱ्यास पाय पोटाशीं घेऊनच निजावें लागत असेल.

छिद्रें आजही पाहावींच. सागाच्या गाभ्यास किडा सहसा लागत नाहीं. लागतो तो कडेच्या पांढुरक्या लांकडास. टांचणीच्या टोकाएवढीं भोंकें दिसलीं तर घाबरूं नये. तीं जुनीं असूं शकतात. पलंगाखालीं काळा कागद पंधरा दिवस पसरून ठेवावा. त्यावर पिठासारखी बारीक भुकटी पडली तर किडा जिवंत आहे, व औषधोपचार केल्यावांचून तो पलंग इतर सामानाजवळ नेऊं नये. ढेंकणांची तपासणी तर कुसवांच्या खाचांतून व नवारीच्या घड्यांतून करावीच करावी. आमच्या लहानपणीं दर वैशाखांत खाटा अंगणांत काढून खाचांत कढत पाणी ओतीत. त्यांत तथ्य होतें. पन्नास अंशांवरील उष्णतेंत ढेंकूण व त्यांचीं अंडीं मरतात. परंतु नुसत्या उन्हांत जाड लांकडाचें अंतरंग तेवढें तापत नाहीं.

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलांनीं घरचा पलंग तिकडे मागविण्यापूर्वीं कायदा विचारावा. सन १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील कलाकुसरीची वस्तु सरकारी परवान्यावांचून देशाबाहेर नेतां येत नाहीं. आणि शिसवीच्या कुळांतील सर्व वृक्षांच्या लांकडाचा परदेशव्यापार सन २०१७ पासून आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखालीं आहे.

कित्येक भगिनी विचारतात कीं परक्या घरचा पलंग घ्यावा कसा, त्यावर कोणी वारलें असेल तर? शंका स्वाभाविक आहे. परंतु आपल्या चालीप्रमाणें अंतकाळीं माणसास पलंगावर ठेवीत नसत, भुईवर घेत असत. आणि मृताच्या नांवें शय्यादान केलें जाई तें पुष्कळदां नव्या शय्येचें. तेव्हां ज्या घरीं आचार पाळला गेला त्या घरच्या पलंगास हा दोष लागणार कसा? ज्या घरीं पाळला गेला नाहीं, त्या घरच्यांनीं रुग्णालयांत प्राण सोडला असेल. इतक्यावरही मन घेत नसेल तर पलंग धुऊन, तेलपाणी करून, पहिल्या दिवशीं त्यावर घरांतलें तान्हें मूल खेळवावें.

राहतां राहिला उंचीचा प्रश्न. बौद्ध भिक्षूंस उंच शय्या निषिद्ध; पाय आठ सुगत-अंगुळांहून उंच नसावे असा विनयाचा नियम आहे, आणि भाजे येथील लेण्यांत भिक्षूंसाठीं कोरलेले दगडी ओटे आपण पाहूं शकतों. गृहस्थांचे पलंग मात्र दोन दोन फूट उंच, कारण खालीं ट्रंका, पिंपें, आंब्यांची आढी हें सारें राहावयाचें. एका गृहस्थांनीं आम्हांस नुकतेंच विचारलें कीं आईला चढतां येत नाहीं, तर खूर सहा इंच कापून घेऊं काय? आम्हीं साफ नाहीं म्हटलें. कातीव खुराचा घाट खालून वर मोजून केलेला असतो. तळ कापला कीं पलंग गुडघे मोडून बसल्यासारखा दिसतो, आणि खालची जागा गेली ती गेलीच. त्यापेक्षां पलंगाशीं घरांतला भक्कम चौरंग लावून ठेवावा, त्याच्या पायांस रबर मारावें म्हणजे तो सरकणार नाहीं, व हातास धरावयास भिंतीला एक दांडा ठोकावा. सत्यनारायणाच्या दिवशीं तेवढा चौरंग लागेल; त्या दिवशीं मुलांनीं आईस हात देऊन वर चढवावें.